बोर्डोची लाल वाइन : दोन काठ, दोन चवी

फ्रान्समधल्या बोर्डोची कोरडी लाल वाइन सहसा एकाच द्राक्षाची नसते. काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो ही तिची मुख्य द्राक्षं. कोरडी म्हणजे द्राक्षातली जवळपास सगळी साखर यीस्टने संपवलेली.

जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेडोकमध्ये, जमीन खडीची. पाणी झटकन निचरतं, तापलेले गोटे ऊब धरून ठेवतात. उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला हेच मानवतं. त्याचे दाणे लहान, साल जाड, म्हणून टॅनिन भरपूर. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं तोंड आवळतं. काबर्ने पुरतं पिकलं नाही, तर वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. दोन्हींत पायराझिन हीच संयुगं असतात.

उजव्या काठावर पोमरोलची चिकणमाती थंड आणि ओल धरणारी. तिथे लवकर पिकणारं मर्लो रमतं. त्याची वाइन मऊ, आलुबुखाऱ्याच्या चवीची.

अटलांटिकचं हवामान लहरी. वसंतातली थंडी लवकर फुटणाऱ्या मर्लोला, तर शरदातला पाऊस काबर्नेला मारतो. दोन्ही लावली की एक तरी हाती लागतं. मिश्रणाचं प्रमाण दरवर्षी बदलतं, म्हणूनच बाटलीवरचं साल नक्की वाचावं.