क्ष-किरणचित्र वाचणारा संगणक

छातीचे क्ष-किरणचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हाडांतील कॅल्शियम क्ष-किरण अधिक शोषून घेते, म्हणून बरगड्या पांढऱ्या दिसतात. फुफ्फुसांत हवा असते. तिच्यातून किरण सहज पार होतात आणि ती जागा काळी उमटते. क्षयाने फुफ्फुस बिघडले की या काळ्या जागेत धुरकट पांढरे डाग दिसतात.

ते ओळखायला मात्र सरावलेली नजर लागते, आणि अशी नजर असलेले डॉक्टर बहुधा शहरात. शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरून धुळे गाठायचे म्हणजे कापूस वेचणीची दिवसाची मजुरी बुडणार. मग खोकला अंगावर काढला जातो आणि रोग घरात पसरतो.

येथे संगणक उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीत चित्र संगणकाकडून वाचून घेण्याची शिफारस केली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची अशी प्रणाली अनेक देशांत वापरात आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याकडे ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत हातात धरता येतील अशी क्ष-किरणयंत्रे आणि हे तंत्र यांचा वापर झाला.

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक बिंदूच्या काळेपणाला एक आकडा. क्षय असलेली व नसलेली हजारो चित्रे त्याला दाखवतात. उत्तर चुकले की आतले गुणक किंचित बदलले जातात. असे असंख्य वेळा झाल्यावर तो नव्या चित्राला, समजा ० ते १०० पैकी, गुण देऊ लागतो. ७० गुण म्हणजे क्षय असण्याची शक्यता ७० टक्के, असे मात्र समजू नका.

किती गुणांच्या पुढे थुंकी तपासायची, हे माणसाने ठरवायचे असते. धान्याच्या चाळणीची भोके केवढी ठेवावी, तसाच हा प्रश्न आहे. १,००० माणसे तपासली आणि त्यांत १० क्षयरोगी आहेत असे धरू. चाळणी १०० रोग्यांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ७० जणांना बरोबर सोडून देते. मग ९ रोगी सापडतील. पण ९९० निरोगी माणसांपैकी २९७ जणही अडकतील. म्हणजे ३०६ जणांची थुंकी तपासायची. त्यासाठी गोव्यात तयार होणारे ट्रूनॅटसारखे यंत्र आहे. ते क्षयजंतूचा डीएनए शोधते. परंतु तपासणीचे संच १०० च असले तर? गुणांची रेषा वर सरकवण्याचा मोह होतो. संच पुरतात, पण ९ पैकी आणखी काही रोगी घरी परत जातात. ही निवड संगणकाची नव्हे. ती कोणी केली, हे लिहून ठेवलेले असावे.

दुसरी गोष्ट गमतीची, पण गंभीर आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेला संगणक चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे, हेही ओळखू शकत होता! चित्रात उमटणाऱ्या धातूच्या खुणेचाही त्याला आधार होता. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण फार, दुसऱ्यात थोडे. तेव्हा फुफ्फुसाऐवजी रुग्णालय ओळखूनही गुण मिळवता येतात. परक्या रुग्णालयातली चित्रे दिल्यावर त्याची अचूकता बहुतेक वेळा घसरली. म्हणून दुसरीकडे शिकलेली प्रणाली आपल्या यंत्रांवर, आपल्या माणसांवर पुन्हा पारखून घ्यावी लागते. जुना, बरा झालेला क्षयही फुफ्फुसावर व्रण ठेवतो आणि संगणकाला फसवतो.

आता ही पारख करायची कशी? जास्त गुण मिळालेल्यांचीच थुंकी तपासली, तर सुटलेला तो दहावा रोगी नोंदीत येणारच नाही. कागदावर प्रणाली निर्दोष दिसेल. यासाठी कमी गुणांच्या गटातूनही काही जण चिठ्ठ्या टाकून निवडावे आणि त्यांचीही थुंकी तपासावी. आणि ज्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, त्याची थुंकी तर गुण कितीही असोत, तपासायचीच.