पाटी दाराच्या आतल्या बाजूला
बाकावरचे विज्ञान : लेखांक ९

कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या युक्तीने एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी कशी मिळतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. पण बाटलीवर एखाद्या प्रथिनाचे नाव छापलेले असले, तरी ती अर्धीच माहिती असते. प्रतिपिंड त्या प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याला धरते, ते कळल्याशिवाय बाटली उघडू नये. पेशीपटलात रोवलेल्या प्रथिनांच्या बाबतीत तर मुळीच नाही. हे किती महागात पडू शकते, ते पीएसएमए (प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन) या प्रथिनाच्या गोष्टीतून दिसते.

अमेरिकेत बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत १९७७ साली प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाच्या लसीकाग्रंथीतून काही पेशी वाढवल्या गेल्या. एलएनकॅप या नावाने त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतात. होरोशेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी उंदरांना टोचून एक प्रतिपिंड मिळवले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे नाव ७ई११. ते प्रोस्टेटच्या पेशींना झकास चिकटे. कशाला चिकटते, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते. त्या प्रथिनाचे, म्हणजेच पीएसएमएचे, जनुक न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये १९९३ साली हाती लागले. ते विकर आहे हे आणखी तीनेक वर्षांनी स्पष्ट झाले. जस्ताच्या दोन अणूंच्या मदतीने हे विकर साखळीच्या टोकाचा ग्लुटामेट खुडते. आतड्यात अन्नातल्या फोलेटवर ते हेच काम करते, मेंदूतही करते. तेव्हा नावात प्रोस्टेट असले, तरी त्यावर फार विसंबू नये. (रक्ततपासणीतले पीएसए ते हे नव्हे. तेही प्रथिने कापणारे विकरच, पण पेशीतून बाहेर सोडले जाणारे. हे पटलातच रुतून बसलेले.)

आता या प्रथिनाची बैठक पाहा. एकूण ७५० अमिनो आम्ले. पहिली १९ पेशीच्या आत, पुढची २४ पटलात, उरलेली ७०७ बाहेर. म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिन बाहेर मोकळ्यावर आहे. आणि ७ई११ चिकटते ते नेमके सुरुवातीच्या सहा आम्लांना! घर रस्त्यावर दिमाखात उभे, पण नावाची पाटी दाराच्या आतल्या बाजूला.

काचपट्टीवरच्या ऊतीच्या छेदात याने काही बिघडत नाही. तिथे पेशी कापलेली असते, प्रतिपिंड आत शिरते आणि रंग छान उमटतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये तर पटल विरघळवूनच टाकलेले असते. सुमारे १०० किलोडाल्टनपाशी पट्टा दिसतो. नुसत्या अमिनो आम्लांच्या हिशेबाने तो ८४च्या आसपास यायला हवा, पण प्रथिनावर लगडलेल्या शर्करा वजन वाढवतात. नवशिका संशोधक इथे हमखास गोंधळतो. जिवंत, धडधाकट पेशींवर मात्र हेच प्रतिपिंड निकामी ठरते, कारण पटल ओलांडून आत जाणे त्याच्या आवाक्याबाहेरचे.

तरीही त्याच्यावर किरणोत्सारी इंडियम चढवून शरीरातला कर्करोग शोधण्याची तपासणी तयार झाली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. तिच्यात दिसायच्या त्या मुख्यतः मरत्या, पटल फाटलेल्या पेशी. हाडांत पसरलेल्या आजारात ती फार कमी पडली. कल्पना वाईट नव्हती, पकडण्याची जागा चुकली होती, असे माझे मत.

कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नील बँडर यांच्या गटाने १९९७ मध्ये बाहेरच्या भागाला धरणारी प्रतिपिंडे पुढे आणली. त्यांतले जे५९१ सर्वांत गाजले. ते जिवंत पेशीला चिकटतेच, शिवाय प्रथिनासकट पेशीच्या आत ओढले जाते. म्हणजे औषध पोचवायला आयती वाट. इतर अनेक कर्करोगांच्या गाठींत फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांवरही पीएसएमए असते, हे अशाच प्रतिपिंडांमुळे लक्षात आले. आज उपचारासाठी प्रतिपिंडाऐवजी विकराच्या बाहेरच्या खोबणीत बसणारे छोटे रेणू जास्त चालतात. त्यांच्यावर चढवलेल्या ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हे ल्युटेशियम आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते.

तुमच्या प्रयोगशाळेत असे प्रतिपिंड मागवायचे असेल, तर माहितीपत्रकात आधी दोन गोष्टी वाचा : ते प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते, आणि कोणत्या प्रयोगात तपासलेले आहे. ब्लॉटमध्ये उत्तम चालणारे प्रतिपिंड फ्लो सायटोमेट्रीत चालेलच असे नाही. आणि पहिल्याच दिवशी दोन नमुने शेजारी लावा : पीएसएमए भरपूर बनवणाऱ्या एलएनकॅप पेशी आणि ते न बनवणाऱ्या पीसी-३ पेशी. पीसी-३च्या रकान्यातही तोच पट्टा उमटला, तर बाटली परत पाठवा.