पाणी मारण्याआधी रसायन ओळखा : विषारी, ज्वलनशील द्रवाच्या गळतीला सामोरे जाताना

आग किंवा धूर दिसताच पाण्याचा मारा करावा, ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. काही द्रव रसायनांच्या बाबतीत मात्र हीच प्रतिक्रिया संकट वाढवते. ही रसायने एकाच वेळी विषारी आणि ज्वलनशील असतात, शिवाय पाण्याशी त्यांची तीव्र अभिक्रिया होते. त्यांची गळती झाल्यास ‘ती कशी विझवायची’ यापेक्षा ‘हे रसायन कोणते’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

ट्रायक्लोरोसिलेन हे याचे ठळक उदाहरण. सौर पॅनेलसाठी लागणारे अतिशुद्ध सिलिकॉन तयार करताना हा द्रव वापरला जातो. तो सुमारे ३२ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे भारतातील उन्हाळ्यात सांडताच त्याची झपाट्याने वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटू शकते. पाणी लागल्यास उष्णतेबरोबर हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. हवेतील आर्द्रताही त्यास पुरेशी ठरते.

अशा अभिक्रियेचे भीषण रूप भारताने भोपाळमध्ये पाहिले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत ४० टनांहून अधिक मिथाइल आयसोसायनेट होते. अभिक्रियेमुळे तापमान व दाब वाढत गेला आणि विषारी वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, तर वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू रोखण्यासाठी सोडलेले पाण्याचे फवारे तो जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. कोणत्या वायूची बाधा झाली आहे, याची पुरेशी माहिती रुग्णालयांतील डॉक्टरांनाही नव्हती. मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यूंची नोंद केली. पुढील वर्षांतील बळी धरल्यास हानी याहून कितीतरी मोठी ठरते.

टँकर रस्त्यावर उलटल्यास ओळख पटवण्याचे पहिले साधन त्याच्यावरील माहितीफलक असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या वाहनावर रसायनाचे नाव, धोक्याचा वर्ग आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असणे बंधनकारक आहे. चालकाजवळ लेखी सूचनांचे ‘ट्रेम कार्ड’ही असावे लागते. फलकावरील ‘हॅझकेम’ संकेत अग्निशामकांशी थेट बोलतो. ट्रायक्लोरोसिलेनसाठी तो ‘४डब्ल्यूई’ असा आहे. ‘४’ म्हणजे पाण्याऐवजी कोरडे साधन वापरा. ‘डब्ल्यू’ म्हणजे तीव्र अभिक्रियेची शक्यता असल्याने संपूर्ण संरक्षक पोशाख घाला आणि द्रव नाल्यात जाऊ न देता अडवा. ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा.

उत्तर अमेरिकेत तयार झालेल्या ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’मध्ये अशा द्रवाच्या गळतीभोवती सुरुवातीला किमान ५० मीटर परिसर मोकळा करण्याचा, तर टँकर आगीत सापडल्यास सर्व बाजूंनी ८०० मीटर अंतर राखण्याचा सल्ला आहे. पथकाने वाऱ्याच्या दिशेकडून, म्हणजे वारा पाठीशी घेऊन, जवळ जावे. अग्निशामकांचा नेहमीचा पोशाख येथे पुरेसा नसतो. स्वतंत्र श्वसनयंत्र आणि रसायनरोधक पोशाख आवश्यक असतो. ठिणगी उडवू शकणारी सर्व साधने बंद करावी लागतात. लहान गळतीवर कोरडी माती किंवा वाळू टाकून वर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात, जेणेकरून पावसाचे पाणी आत शिरणार नाही. क्लोरोसिलेनच्या मोठ्या गळतीवर अल्कोहोलरोधक फोमचा थर दिला जातो.

तरीही पाणी सर्वस्वी वर्ज्य नाही. दुरून सोडलेल्या बारीक फवाऱ्याने वाफ दाबता किंवा वळवता येते, मात्र ते पाणी सांडलेल्या द्रवापर्यंत वाहत जाता कामा नये. त्वचेवर किंवा डोळ्यांत रसायन गेल्यास तर दूषित कपडे काढून किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुणे हाच प्राथमिक उपचार आहे. श्वासावाटे झालेल्या बाधेची लक्षणे उशिरा दिसू शकतात. म्हणून बरे वाटणाऱ्या व्यक्तीलाही वैद्यकीय निरीक्षणाखाली ठेवावे लागते.

नागरिकांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा सल्ला सोपा आहे : घाबरून न जाता वाऱ्याच्या दिशेला काटकोनात चालत दूर जावे आणि नाकातोंडावर ओला रुमाल किंवा कापड धरावे. उलटलेल्या टँकरजवळ गर्दी करू नये, ११२ किंवा १०१ वर कळवावे आणि फलकावरील मजकूर सुरक्षित अंतरावरून दिसत असेल तरच तो सांगावा.

भोपाळनंतर देशात कायद्याची चौकट उभी राहिली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम यांनी कारखान्यांतर्गत व कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखडे आणि केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंतचे संकटनिवारण गट बंधनकारक केले. कारखान्यांतर्गत आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घेणे नियमांत नमूद आहे. या तालमी केवळ कागदावर राहिल्या, तर प्रत्यक्ष गळतीच्या पहिल्या मिनिटांत माणूस पुन्हा सवयीकडेच वळेल आणि पाण्याचा पाइप हाती घेईल.