नट कचकून आवळले म्हणजे चाक पक्के बसते?

पंक्चर काढून झाले, की पान्यावर चक्क उभे राहून चाकाचे नट आवळण्याची पद्धत अनेक दुकानांत दिसते. गाडीमालकही समाधानाने निघतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत धोका इथूनच सुरू होतो.

चाकाचा भार एकटे बोल्ट पेलत नाहीत. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. अतिरेकी जोर लावल्यास बोल्ट कायमचा लांबतो, पकड जाते. प्रसंगी तो तुटतोही. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० सारख्या गाडीत हबवर वर्षानुवर्षांचा गंज साचलेला असतो. त्यावरच चाक बसवले तर नट घट्ट भासतो. पुढे गंज झडला की तोच ढिला पडतो. त्यामुळे तारेच्या ब्रशने हब घासून घेणे आवश्यक ठरते. आट्यांना तेल मात्र लावू नये. तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो.

नट प्रथम हातानेच फिरवावा. तो अडला, तर आटे खराब झाले आहेत असे समजावे. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि चाक जमिनीला टेकल्यावर पुस्तिकेतील आकड्याइतकाच जोर टॉर्क रेंचने द्यावा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी हवी. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले किंवा चाकातून टकटक ऐकू आली, तर त्या किलोमीटरचीही वाट पाहू नये.