पारा ३४, तरी जीव कासावीस

रोजचे हवामान वाचून "विदर्भात ४५, आपल्या कोकणात ३४च!" असे म्हणणारे रुग्ण मला दर वैशाखात भेटतात. त्यांनी शेजारचा आर्द्रतेचा आकडाही वाचावा. नुसत्या घामाने अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो नुसताच ओघळतो. पाणी, मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनाऱ्यावर ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानातील सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता.

पायांत गोळे आले, मळमळले, तर सावलीत बसून मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत घ्यावे. (रक्तदाबवाल्यांनी मिठाचे आपल्या डॉक्टरांना विचारावे.) पण माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघातच समजावा. "घाम येतोय, म्हणजे काळजी नाही" ही समजूत घातक आहे; उन्हात राबणाऱ्याला उष्माघातातही घाम असतो. अशा वेळी विहिरीचे गार पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.