छेद किती मोठा, हे स्तनाग्राची जागा ठरवते

ओघळलेल्या स्तनांवर शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं मनात आलेली बाई ते सहसा कुणाजवळ बोलत नाही. ‘हे कसले चोचले’ असं घरातून ऐकावं लागेल, ही धास्ती असते. मग माहिती मिळते ती मोबाइलवरच्या जाहिरातींतून आणि तिथे ‘छोटा छेद, व्रण दिसणार नाही’ एवढंच ठळक असतं. भोसरी, चिंचवड, चाकणच्या कंपन्यांत शिफ्टभर उभं राहून कमावणाऱ्या बाईने स्वतःच्या शरीराबद्दल, स्वतःच्या पैशाने निर्णय घ्यायचा ठरवला, तर तिच्यापर्यंत याहून खरी माहिती पोचायला हवी.

स्तन वर उचलून धरेल असा स्नायू स्तनात नसतो. दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू, एवढंच असतं. वय, गरोदरपण, वजनाचे चढउतार, तंबाखू यांनी हे तंतू आणि त्वचा सैलावते. व्यायामाने त्यामागचा छातीचा स्नायू बळकट होतो, पण ओघळलेला स्तन वर येत नाही. तेलमलमांनीही येत नाही. बाळाला पाजल्याने स्तन ओघळतात, हा समज मात्र सोडूनच द्यावा. अभ्यासात गरोदरपणांच्या संख्येचा परिणाम दिसला, स्तनपानाचा नाही.

शस्त्रक्रिया कोणती, हे ठरतं स्तनाखालची घडी आणि स्तनाग्र यांच्या पातळीवरून. प्लास्टिक सर्जन रेन्यो यांची १९७६ सालची प्रतवारी आजही वापरली जाते. स्तनाग्र घडीच्या पातळीवर आलं असेल तर ओघळ सौम्य. घडीच्या खाली गेलं तर मध्यम. स्तनाच्या अगदी तळाशी जाऊन खाली तोंड करून असेल तर तीव्र.

सौम्य ओघळ असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन भागतं. व्रण रंगाच्या सीमेवर लपतो, जाहिरातींना हाच आवडतो. पण सैल त्वचा खूप असताना याच छेदातून सगळं आवळलं, तर स्तन पुढून चपटा होतो आणि वर्तुळ हळूहळू पसरतं. मध्यम ओघळाला वर्तुळापासून घडीपर्यंत सरळ खाली येणारी आणखी एक रेघ लागते. तीव्र ओघळात किंवा स्तन फार जड असताना घडीलगत आडवा छेदही घ्यावा लागतो. व्रण जहाजाच्या नांगराच्या आकाराचा होतो. माझ्या मते, गरज असताना लांब छेद स्वीकारणं हेच शहाणपणाचं. व्रण वर्ष-दीड वर्षात फिका पडतो, बिघडलेला आकार आपोआप सुधारत नाही. अर्थात, ज्यांच्या अंगावर जुने व्रण जाड, उंच होतात, त्यांनी ते सर्जनना आधीच दाखवावेत. स्तन रिकामे, चपटे झाले असतील तर काही जणी सोबत इम्प्लांटही बसवतात; त्याची देखभाल आणि पुढे कधी तरी बदलण्याची शक्यता मग कायमची मागे लागते.

या सगळ्यांत स्तनाग्र सहसा सुटं करत नाहीत. ते रक्तवाहिन्यांसह खालच्या ऊतींना जोडलेलंच ठेवून वर सरकवतात. जिवंत जोड राखून ऊती हलवण्याचं हे तत्त्व पुण्याच्या परिसराला जुनं आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका शल्यवैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा, भुवयांमधली जोड कायम ठेवून, खाली वळवली आणि नवं नाक घडवलं.

अशाच जोडलेल्या भागातून रक्त वाहतं राहिलं तरच स्तनाग्र जगतं, आणि निकोटीन नेमक्या त्याच बारीक वाहिन्या आवळतं. सर्जन विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ बाई खरंच सांगते, ‘नाही.’ मिशरीचं कुणी विचारत नाही. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद करावी, जखम भरेपर्यंत पुन्हा लावू नये आणि न विचारताही सर्जनना सांगावी.

बसून करायच्या कामावर एक-दोन आठवड्यांत परतता येतं. लाइनवर पार्ट उचलायचे, हात डोक्यावर न्यायचे, तर चार ते सहा आठवडे धरावेत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे दूध पाजणं अवघड जाऊ शकतं आणि नव्या गरोदरपणाने स्तन पुन्हा ओघळू शकतात. म्हणून मुलं व्हायची असतील तर थांबणं बरं.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत ना, हे पाहावं. छेदाच्या रेषा रुग्ण उभी असताना आखतात. पहिल्याच भेटीत आरशासमोर त्या कुठून कुठवर जातील ते दाखवायला सांगावं. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा चालत नाही आणि बिलावर जीएसटीही लागतो. आणि चाळिशी ओलांडली असेल तर आधी मॅमोग्राफी करून फिल्म जपून ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर आतले व्रणही तपासणीत दिसतात. जुनी फिल्म शेजारी असली की व्रण कोणता आणि गाठ कोणती, हे डॉक्टरांना ओळखणं सोपं जातं.