स्थापना आणि अंमल

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या ज्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, त्याचे ३३ दरवाजे जागेवर बसविलेले असले, तरी हुकुमावाचून ते उचलले जात नाहीत. नदीकाठच्या गावांना आधी इशारा दिला जातो, आणि मगच विसर्ग सुरू होतो. संकेतस्थळाच्या कारभारातही स्थापना आणि अंमल यांतील हे अंतर राखणे तितकेच अगत्याचे आहे.

२००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आरंभिलेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीत २००४ पासून प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला नवे सामर्थ्य देणारी उपांगे, जोडता येऊ लागली. प्लगइन स्थापित करणे म्हणजे त्याच्या फायली सर्व्हरवरील नेमून दिलेल्या फोल्डरात ठेवणे; व्यवस्थापकाने तो सक्रिय करीपर्यंत त्या निश्चल असतात. सक्रियतेचा आदेश मिळताच प्रथम प्लगइन चालवून पाहिला जातो आणि घातक दोष आढळल्यास आदेश नामंजूर होतो. नंतर डेटाबेसमध्ये तक्ते निर्माण करण्यासारखी पूर्वतयारी पार पडते. आणि अखेरीस सक्रिय प्लगइनांच्या यादीत त्याचे नाव दाखल होते.

अनेक संकेतस्थळे एकाच वेळी उभारणाऱ्यास हा आदेश प्रत्येक ठिकाणी स्वहस्ते देणे कष्टाचे होते, म्हणून डब्ल्यूपी-सीएलआय या साधनात स्थापनेच्या आज्ञेलाच सक्रियतेची पुस्ती जोडण्याची सोय आहे, आणि तीत वरील सर्व क्रम यथासांग पाळला जातो. याउलट, डेटाबेसमधील यादीत परस्पर नाव घुसडले, तर पूर्वतयारीच होत नाही आणि तक्त्यांअभावी प्लगइन मध्येच अडतो. ‘मस्ट-यूज’ फोल्डरात ठेवलेली फाईल तर कोणत्याही आदेशाविना चालू लागते. तिचीही पूर्वतयारी होत नाही, आणि व्यवस्थापकाच्या पडद्यावरून ती बंदही करता येत नाही.

सक्रिय प्लगइनाला संकेतस्थळाच्या डेटाबेसमधील मजकूर वाचण्याचा आणि बदलण्याचाही अधिकार प्राप्त होतो, म्हणून स्वयंचलित सक्रियतेची मुभा केवळ पारखलेल्या प्लगइनांनाच द्यावी. ग्रामपंचायत, शाळा वा पतसंस्था यांचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाने नवा प्लगइन आधी चाचणीच्या प्रतीवर चालवून पाहावा, बॅकअप घ्यावा, आणि त्यानंतरच मूळ संकेतस्थळावर त्यास अंमलाची परवानगी द्यावी.